लोणारचा वाचनसंच : अपरिचित लेख पहिल्यांदा वाचताना (प्रकल्प नोंदी)

10 जून 2024

कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळातर्फे लोणार सरोवरावर एक वाचनसंच तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. हिवाळ्यात विद्यार्थ्यांची सहल लोणारला जाईल आणि त्याआधी प्रत्येकाने या विवराविषयी मराठीतून उपलब्ध असलेले चार-पाच चांगले लेख वाचलेले असावेत, एवढाच हेतू आहे. लेखांची वाण नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, पर्यटनविषयक मजकूर, हौशी अभ्यासकांनी स्वतः प्रसिद्ध केलेले लिखाण, दिवाळी अंकांतील लेख असा मोठा ढीग ग्रंथपाल मॅडमनी जमवून दिला आहे. अडचण अशी की यातील बहुतेक लेखकांची नावे आम्ही कधी ऐकलेली नाहीत, त्यामुळे प्रत्येक लेखाच्या दाराशी आम्ही नवखेच आहोत. असा लेख हाती आल्यावर त्यावर किती विसंबायचे हे कसे ठरवले, याची नोंद निवडीबरोबरच ठेवायची असे भूगोलाच्या सरांनी सुचवले. मला ते फार पटले, कारण विद्यार्थ्यांना पुढे आयुष्यभर हेच काम करावे लागणार आहे.

13 जून 2024

आज पूर्ण वाचन न करता फक्त पहिल्या दर्शनाने लेखांची विभागणी करून पाहिली. सुबक मांडणी, उत्तम छायाचित्रे आणि शेवटी संदर्भांची यादी असलेले लेख आपोआप वरच्या गठ्ठ्यात गेले. ओबडधोबड अक्षरांतले, छायाचित्रे नसलेले आणि शुद्धलेखनाच्या चुका असलेले खालच्या गठ्ठ्यात. ही विभागणी मुद्दाम तशीच ठेवली आहे, म्हणजे काम संपल्यावर ती किती टिकली हे पाहता येईल.

रूप पाहून विश्वास ठेवण्याची ही ओढ सर्वत्र आढळते. स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांच्या गटाने 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात 2,684 लोकांना निरनिराळ्या संकेतस्थळांच्या विश्वासार्हतेविषयी मत विचारण्यात आले. लोकांनी दिलेल्या कारणांत सर्वाधिक उल्लेख दिसण्याचा होता, आणि त्याचे प्रमाण 46.1 टक्के निघाले. लेखक कोण, माहितीचा आधार काय, हे मुद्दे त्यापुढे मागे पडले. देखणेपणा हे निष्काळजीपणाचे लक्षण नव्हे. मेहनतीने मांडणी करणारा माणूस मजकुरातही मेहनत घेत असेल, हे शक्य आहे. परंतु मांडणीची मेहनत आणि पडताळणीची मेहनत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पहिली डोळ्यांना दिसते तशी दुसरी दिसत नाही.

18 जून 2024

अपरिचित लेख तपासायला एक सोपी वाट आज निश्चित केली. लेखातील जो भाग आपल्याला आधीपासून पक्का ठाऊक आहे तो प्रथम वाचायचा, आणि लेखकाने तिथे किती काळजी घेतली आहे यावरून आपल्याला ठाऊक नसलेल्या भागाविषयी अंदाज बांधायचा.

लोणारच्या बाबतीत पहिली कसोटी मापांची. विवराच्या काठापासून काठापर्यंतचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे, तर आतल्या पाण्याच्या तळ्याचा व्यास सुमारे 1.2 किलोमीटर. अनेक लेखांत या दोहोंची सरमिसळ झालेली आहे. त्याहून गंभीर म्हणजे ‘जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे उल्काविवर’ हे वाक्य, जे वरच्या गठ्ठ्यातील देखण्या लेखांतही ठसठशीतपणे छापलेले आढळले. दक्षिण आफ्रिकेतील व्रेडेफोर्टची रचना मुळात 250 ते 300 किलोमीटर व्यासाची असावी असे मानले जाते. मेक्सिकोतील चिक्सुलुब सुमारे 180 किलोमीटरचे आहे. दूर कशाला जायचे, मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथील आघातरचना (उल्का आदळून बनलेली भूरचना) सुमारे 11 किलोमीटरची आहे, म्हणजे लोणार भारतातही सर्वांत मोठे नाही. आकाराच्या क्रमवारीत लोणारला बसवण्याची काही गरजच नाही, कारण त्याचे महत्त्व आकारात नाहीच. ज्या लेखकाला ते महत्त्व खरोखर उमगले आहे, तो सहसा या वाक्याच्या वाटेला जात नाही.

24 जून 2024

आज ‘बसाल्टमधील जगातील एकमेव विवर’ या दाव्यावर बराच वेळ खर्च झाला, आणि तो वाया गेला नाही.

लोणारचे विवर दख्खनच्या लाव्हाथरांत, म्हणजे बसाल्ट या आपल्या ओळखीच्या काळ्या कातळात, घडले आहे. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागाचा मोठा भाग बसाल्टचाच असल्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना पृथ्वीवर तुलनेसाठी लोणारसारखी जागा हवीच असते. 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेड्रिकसन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विवराच्या तळात छिद्रे घेऊन काढलेल्या नमुन्यांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडले होते. प्रचंड दाबाची लाट आरपार गेल्याने फेल्डस्पार या खनिजाचे काचेसारखे रूपांतर झाले की हा पदार्थ बनतो, आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात तसा दाब निर्माण होत नाही. लोणारचा जन्म आघातातून झाला, या निष्कर्षाला या पुराव्याने बळ मिळाले.

येथपर्यंत ‘बसाल्टमधले विवर’ हा शब्दप्रयोग रास्त आहे. पण ‘एकमेव’ म्हणता येत नाही. ब्राझीलच्या दक्षिणेकडील पाराना खोऱ्यातील लाव्हाथरांत वार्जेआओ आणि व्हिस्टा अलेग्रे या आघातरचना आहेत. त्या जुन्या आहेत, पुष्कळ झिजलेल्या आहेत आणि तिथे लाव्हाखालचा वालुकाश्मही वर आलेला आहे. म्हणून ‘बसाल्टमध्ये घडलेले, वयाने तरुण आणि उत्तम टिकलेले विवर’ असे म्हटले तर लोणारचे वेगळेपण पूर्णपणे सांगितले जाते आणि चूकही होत नाही.

यावरून एक भेद मनात पक्का झाला. ‘तिसऱ्या क्रमांकाचे मोठे’ लिहिणाऱ्याने काहीच तपासलेले नाही. ‘एकमेव’ लिहिणाऱ्याने कदाचित बरेच वाचलेले असेल, पण जुने वाचलेले असेल, किंवा मूळ वाक्यातील मर्यादा सांगणारे शब्द गाळले असतील. पहिल्या प्रकारचा लेख आम्ही बाजूला ठेवला. दुसऱ्या प्रकारच्या लेखाला समासात टीप देऊन सामावून घेता येईल.

1 जुलै 2024

विवराचे वय हा या संपूर्ण संचातील सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि माझ्या मते लेख जोखण्याची सर्वांत चांगली कसोटीही तीच आहे.

1997 साली सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने आघातकाचेचे (आघाताने वितळून बनलेल्या काचेचे) वय 52 हजार वर्षे, अधिक-उणे 6 हजार, असे मोजले. 2011 साली जूर्दाँ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते 5 लाख 70 हजार वर्षे, अधिक-उणे 47 हजार, असे काढले. दोन आकड्यांत दहापटीहून अधिक फरक आहे आणि दोन्ही जबाबदार संशोधकांनी तपशील उघड मांडून प्रसिद्ध केलेले आहेत. पहिल्या पद्धतीत खनिजात साठलेली ऊर्जा मोजतात. आघाताच्या उष्णतेने जुना साठा पुसला गेला आणि घड्याळ शून्यापासून पुन्हा सुरू झाले, असे ती गृहीत धरते. ज्वालामुखीय फेल्डस्पारमधून ही ऊर्जा काळाच्या ओघात गळत राहू शकते आणि तसे झाल्यास वय प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. दुसऱ्या पद्धतीत कातळात काळाच्या ओघात साठत गेलेला आर्गॉन वायू मोजतात, आणि तिची अडचण उलटी आहे. मूळ कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे जुना. तो वितळताना त्यातील जुना आर्गॉन पूर्णपणे निघून गेला नसेल, तर वय फुगते. म्हणूनच 2011 च्या निबंधात या उरलेल्या आर्गॉनचा हिशेब कसा केला हे सविस्तर सांगितले आहे.

आता लेखांकडे वळतो. काही लेख कोणताही आडपडदा न ठेवता ‘50 हजार वर्षांपूर्वी’ असे लिहितात. काही ‘6 कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली’ असे लिहितात, म्हणजे त्यांनी कातळाचे वय विवराला देऊन टाकले आहे. अशा लेखात डायनासोरही हमखास येतात. मोजके लेख मात्र दोन्ही मापने सांगतात आणि वाद मिटलेला नाही हे स्पष्ट करतात. वाचकाला निश्चित आकडा हवा असतो हे ठाऊक असूनही जो लेखक त्याला अनिश्चितता समजावून सांगण्याचे कष्ट घेतो, त्याच्या बाकीच्या मजकुराकडे मी अधिक भरवशाने पाहतो.

येथे लेखाची तारीख पाहणे अत्यावश्यक आहे. 2005 च्या दिवाळी अंकातील एका लेखात फक्त 52 हजारांचा आकडा आहे. त्या लेखकाने त्या वेळी उपलब्ध असलेले उत्तम मापन दिले होते आणि अधिक-उणेसुद्धा दिले होते, त्यामुळे तो लेख काळजीपूर्वक लिहिलेला आहे असेच मी मानतो. तोच आकडा अधिक-उणे गाळून अलीकडच्या लेखात आला असेल, तर मूल्यमापन बदलते. ज्या लेखांवर तारीखच नाही, त्यांच्या बाबतीत हा न्याय करता येत नाही, आणि तारीख न देणे हा मला आता लहान दोष वाटत नाही.

5 जुलै 2024

इतिहासाच्या मॅडमनी आज एक उपयुक्त अभ्यास लक्षात आणून दिला. स्टॅनफर्डच्याच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि 25 पदवीपूर्व विद्यार्थी यांना अपरिचित संकेतस्थळे जोखायला दिली होती. त्यांत मिळत्याजुळत्या नावांच्या दोन बालरोगतज्ज्ञ संघटनांची स्थळे होती: एक देशव्यापी आणि जुनी, दुसरी तिच्यातून फुटून निघालेली छोटी. विद्यार्थी आणि काही इतिहासकारसुद्धा पानावरच रेंगाळले. बोधचिन्ह, संदर्भयादी, गंभीर भाषा यांवरून त्यांनी मत बनवले आणि पुष्कळदा फसले. तथ्यपडताळणीकार काही क्षणांतच त्या पानावरून बाहेर पडले आणि इतर लोक या संघटनेविषयी काय म्हणतात ते पाहू लागले. नीट माहिती मिळाल्यावरच ते मूळ पानाकडे परतले.

आम्हा शिक्षकांना ‘आधी लेख नीट वाच, मग मत दे’ असे सांगण्याची सवय आहे, आणि परिचित लेखकाच्या बाबतीत ती योग्यही आहे. अपरिचित लेखाच्या बाबतीत मात्र नीट वाचण्याआधी त्याच्याबाहेर जाऊन चौकशी करणे हेच शहाणपणाचे ठरते, कारण लेख स्वतःविषयी जे सांगतो ते त्याच्या लेखकाच्या हातात असते आणि इतर जे सांगतात ते नसते. आजपासून प्रत्येक लेखासाठी हा क्रम ठेवला आहे: लेखकाने या विषयावर अन्यत्र काय लिहिले आहे, कोणी त्याचा उल्लेख केला आहे, त्याने दिलेला संदर्भ खरोखर अस्तित्वात आहे का, आणि असल्यास त्यात तसे म्हटले आहे का.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत फलदायी ठरतो आहे. एका लेखाने ‘उल्का आजही तळाशी गाडलेली आहे’ या विधानाला 1973 च्या निबंधाचा आधार दिला आहे, पण त्या निबंधात तसे काहीही नाही. इतक्या वेगाने आदळणारा पिंड बहुतांशी वितळून आणि बाष्प होऊन जातो. लोणारला त्याची खूण आघातातून उडालेल्या सूक्ष्म गोलिकांमध्ये, निकेलसारख्या मूलद्रव्यांच्या वाढलेल्या प्रमाणातून, मिळते. संदर्भ दिला आहे एवढ्यावर समाधान मानले असते, तर हे विधान संचात गेले असते.

9 जुलै 2024

एका लेखातील एक विशिष्ट वाक्य, त्यातील शुद्धलेखनाच्या चुकीसह, शोधून पाहिले. तेच वाक्य, तीच चूक, इतर अनेक लेखांत जशीच्या तशी मिळाली. भूगोलाच्या सरांनी तोपर्यंत ‘इतक्या लेखांत एकच माहिती आहे म्हणजे ती बरोबर असणार’ असा युक्तिवाद केला होता, आणि तो ऐकायला सयुक्तिकही वाटतो. परंतु एकाच साक्षीदाराचा जबाब दहा जणांनी वाचून दाखवला तर न्यायालयात साक्ष एकच धरली जाते. सहमती मोजण्याआधी लेख परस्परांपासून स्वतंत्र आहेत का हे पाहायला हवे, आणि त्यासाठी समान चुका हा फार भरवशाचा पुरावा आहे; बरोबर माहिती दोघे स्वतंत्रपणे लिहू शकतात, पण तीच विचित्र चूक दोघे स्वतंत्रपणे सहसा करत नाहीत.

पर्यटनविषयक मजकूर जवळजवळ सगळा याच एका मुळाकडे गेला. तो सोडला.

16 जुलै 2024

आजची नोंद खालच्या गठ्ठ्यातील एका लिखाणाविषयी आहे, आणि ती मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे.

परिसरातल्याच एका हौशी निरीक्षकाचे हे लिखाण आहे. मांडणी नाही, संदर्भयादी नाही, परिच्छेद कुठे संपतात तेही नीट कळत नाही. मात्र प्रत्येक नोंदीला तारीख आहे, काठावरील कोणत्या ठिकाणी उभे राहून पाहिले ते आहे, आणि पाहिलेले व ऐकलेले ते वेगवेगळे लिहितात. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर तर्कांना ऊत आला होता. शेवाळ, प्रदूषण, भूगर्भातील हालचाल, दैवी संकेत असे सर्व काही लिहिले गेले. या निरीक्षकाने कारण सांगण्याचा मोह टाळून पाण्याची पातळी उन्हाळ्यात किती खाली गेली होती, रंग कोणत्या बाजूने आधी दिसू लागला आणि पावसानंतर तो कसा फिका पडला एवढेच टिपले आहे.

ही टिपणे नंतरच्या तपासणीशी ताडून पाहिली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले होते आणि पाण्याचे नमुने वैज्ञानिक संस्थांकडे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. पाणी आटून क्षारता वाढली की त्यांची वाढ होते आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य पाण्यात पसरते. पावसाचे पाणी मिसळून क्षारता उतरली आणि सूक्ष्मजीव तळाशी बसले की पाणी पुन्हा पूर्ववत होते. निरीक्षकाने नोंदवलेला क्रम या स्पष्टीकरणाशी जुळतो. त्यांनी कारणाविषयी मौन पाळले म्हणूनच त्यांच्या नोंदी आज उपयोगी पडतात, कारण कोणत्याही तर्काला सोयीचे व्हावे म्हणून त्या वाकवलेल्या नाहीत.

हे लिखाण वाचनसंचात पहिल्या क्रमांकावर घ्यावे असा प्रस्ताव मी मांडला आणि तो मान्य झाला. लेखकाची परवानगी ग्रंथपाल मॅडम घेत आहेत.

22 जुलै 2024

आख्यायिकेचा भाग. लवणासुराचा विष्णूने वध केला ही कथा, दैत्यसूदन मंदिर, काठाजवळच्या झऱ्याची धार, कमळजा देवी, हे सारे लोणारच्या लेखांत असायलाच हवे. ते नसलेला लेख मला अपुरा वाटतो. लेख जोखताना पाहायचे ते इतकेच की कथा कथा म्हणून सांगितली आहे, की पुराणात विवराचे वैज्ञानिक ज्ञान होते असा निष्कर्ष तिच्यावर लादला आहे. मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची असल्याचे जे सांगितले जाते त्यावरून ‘म्हणजे तो उल्केचाच तुकडा’ असे लिहिणारे लेख बाद केले. दख्खनच्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतेच, त्यामुळे दगडाच्या चुंबकत्वासाठी आकाशाकडे पाहण्याची गरज नाही.

26 जुलै 2024

छोटी तपासणी: नोव्हेंबर 2020 मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. ‘महाराष्ट्रातील पहिले’ असे म्हणणारे लेख चुकतात, कारण नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला तो त्याआधीच मिळाला होता. चूक लहान आहे, दुरुस्त करण्याजोगी आहे. तेवढ्यासाठी लेख नाकारला नाही.

2 ऑगस्ट 2024

निवडीची अंतिम बैठक झाली. जून महिन्यातल्या दोन गठ्ठ्यांशी तुलना केली तेव्हा वरच्या गठ्ठ्यातले बरेच लेख गळाले होते आणि खालच्यातले दोन आत आले होते. सुबक लेखांपैकी एक मात्र पूर्ण कसाला उतरला, आणि त्याचा मला विशेष आनंद आहे, कारण विद्यार्थ्यांनी सुबकतेविषयीच संशय धरावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

भूगोलाच्या सरांनी एक रास्त शंका विचारली. चुका आढळल्या म्हणून लेख गाळायचे, तर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांचे काय करायचे? अमेरिकेचे हे थोर भूवैज्ञानिक. 1896 साली त्यांनी अ‍ॅरिझोनातील विवराची लोणारशी तुलना केली आणि ते ज्वालामुखीय वाफेच्या स्फोटाने झाले असावे असा निष्कर्ष काढला. आज दोन्ही विवरे आघातजन्य मानली जातात. परंतु गिल्बर्ट यांनी आघाताची शक्यता स्वतः मांडली, ती तपासण्यासाठी विवराचे आकारमान आणि काठाबाहेर पडलेल्या मातीचे आकारमान मोजून पाहिले, पुरलेल्या लोहपिंडाचा माग काढण्यासाठी चुंबकीय मोजणी केली, आणि निष्कर्ष कोणत्या पायऱ्यांनी आला ते लिहून ठेवले. त्यामुळे पुढच्या माणसाला नेमकी कोणती पायरी निसटली ते दाखवता आले: आदळणारा पिंड विवराखाली जवळजवळ अखंड उरेल, हे त्यांचे गृहीतक. ‘तिसऱ्या क्रमांकाचे मोठे’ लिहिणाऱ्या लेखात अशी एकही पायरी दिसत नाही, त्यामुळे तिथे वाद घालायलाही जागा नाही. सरांना हे उत्तर पटले, आणि गिल्बर्ट यांच्या मांडणीचा मराठी सारांश त्यांनीच लिहून द्यायचे ठरले.

9 ऑगस्ट 2024

गिल्बर्ट यांच्यावरील सारांश आला, उत्तम आहे. निवडलेल्या प्रत्येक लेखाच्या वर आम्ही एक चौकट देत आहोत. तीत लेखाची तारीख, लेखकाविषयी बाहेरून जे कळले ते, आणि कोणत्या विधानाविषयी सावध राहावे ते लिहिलेले असेल. एक लेख मात्र मुद्दाम चौकटीशिवाय ठेवला आहे. त्याची चौकट विद्यार्थ्यांनी सहलीपूर्वी स्वतः भरून आणायची आहे. विवराच्या वयाचे पान पुस्तिकेत न शिवता सुटे ठेवायचे ठरले, म्हणजे नवे मापन प्रसिद्ध झाल्यास तेवढेच पान बदलता येईल. हौशी निरीक्षकांची लेखी परवानगी मिळाली असून जून 2020 नंतरच्या नोंदीही देण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. त्या आल्या की मजकूर छपाईला द्यायचा.